पऱ्हाटीच्या तासातून बाझेलच्या न्यायालयापर्यंत

वऱ्हाडात कीटकनाशकाला कीटकनाशक कोणी म्हणत नाही, 'औषध' म्हणतात. पऱ्हाटीवर औषध मारायचे असते, औषध आणायला तालुक्याच्या कृषी केंद्रात जायचे असते, आणि हंगाम संपताना 'यंदा सारा पैसा औषधातच गेला' असेही म्हणायचे असते. हाच शब्द आणखी एका वाक्यात येतो. अमुक माणूस औषध प्याला, एवढे कोणी सांगितले की ऐकणारा पुढचे काही विचारत नाही. पीक वाचवणारी वस्तू आणि माणसाचा जीव घेणारी वस्तू यांना एकच नाव आहे, आणि रसायनशास्त्र शिकवताना आपण या नावापाशी क्वचितच थांबतो.

या लेखात अशाच एका औषधाची हकीकत सांगायची आहे. ती यवतमाळ, अकोला, अमरावती या जिल्ह्यांत सुरू होते आणि केरळ, बर्लिन, झुरिक असा फेरा घेऊन स्वित्झर्लंडच्या कायद्यापर्यंत जाते. निरनिराळ्या देशांतील संस्था एकत्र येतात आणि एखादा सामाजिक किंवा पर्यावरणविषयक बदल घडवून आणतात, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण तो बदल नेमका कसा घडतो? कोणाकडून कोणाकडे काय जाते? गाडी कुठे अडते? या प्रश्नांची उत्तरे आपल्याच शिवारातील या उदाहरणात बरीचशी सापडतात.

२०१७ चा हंगाम

२०१७ च्या पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फवारणी करून आलेले शेतकरी आणि शेतमजूर मोठ्या संख्येने दाखल होऊ लागले. कोणाला उलट्या होत होत्या, कोणाला दम लागत होता, कोणाचे स्नायू थरथरत होते. काहींना दिसेनासे झाले होते. यांतील कोणीही औषध प्यालेला नव्हता. सर्वांनी ते फक्त फवारले होते. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात सुमारे ८०० जणांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक माणसे दगावली. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतूनही अशाच बातम्या येत होत्या.

फवारणी वऱ्हाडाला नवी नाही. मग त्याच वर्षी असे का झाले? एका कारणावर बोट ठेवता येत नाही. बरीच कारणे एका वेळी जुळून आली.

पहिले कारण किडीचे. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. या वाणांच्या झाडात बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार होते, त्यामुळे सुरुवातीला अळीसाठीची फवारणी कमी झाली. परंतु दरवर्षी सर्वत्र तेच प्रथिन असले, की ते पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्या जगतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. उत्क्रांतीच्या पाठात आपण नैसर्गिक निवड शिकवतो, त्याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळी दोन्ही प्रथिनांना बऱ्याच ठिकाणी दाद देईनाशी झाली होती. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींवर तर बीटीचा परिणाम कधीच नव्हता. एक औषध लागू पडेना म्हणून दोन-तीन एकत्र करून मारण्याची पद्धत पडली. असे मिश्रण किडीवर काय परिणाम करते हे एक वेळ सांगता येईल. माणसावर काय करते, याची चाचणी कोणी केलेली नसते.

दुसरे कारण उंचीचे. त्या वर्षी अनेक शेतांत पऱ्हाटी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती. झाड कमरेइतके असते तेव्हा नोझल खाली धरून फवारता येते. झाड डोक्याला लागले की नोझल वर धरावे लागते, आणि मग फवारा झाडावर पडतो त्याआधी अंगावर येतो.

तिसरे कारण थेंबाच्या आकाराचे, आणि ते वर्गात गणित म्हणून घेण्याजोगे आहे. गोलाचे घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे थेंबाचा व्यास निम्मा केला तर त्याच द्रावणात आठपट थेंब होतात. इंजिनावर किंवा बॅटरीवर चालणारे स्वस्त पंप हाताच्या पंपापेक्षा जास्त जोराने आणि बारीक फवारतात. बारीक थेंब लवकर खाली बसत नाही, हवेत तरंगतो, श्वासाबरोबर आत जातो. उरलेले काम घाम आणि ओला सदरा करतो. ही रसायने पाण्यापेक्षा चरबीत अधिक सहज मिसळणारी असली तर कातडीतूनही शरीरात जातात. सदरा दिवसभर अंगावर ओला राहिला, म्हणजे जणू औषधाची पट्टीच पाठीला बांधली. हातमोजे, मुखवटा, रबरी बूट वापरावेत, असे लेबलावर छापलेले असते. सप्टेंबरातल्या उन्हात आणि दमटपणात तो पोशाख घालून चार तास शेतात उभे राहून पाहावे, मग तो सल्ला कोणासाठी लिहिला आहे हे कळते.

रक्तातला पुरावा

पुढची हकीकत समजायला थोडे शरीरशास्त्र आवश्यक आहे. आपल्या मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचवण्याचे काम ॲसिटाइलकोलीन नावाचे द्रव्य करते. निरोप पोचला की ते द्रव्य तत्काळ मोडून टाकावे लागते, नाहीतर निरोप चालूच राहतो. मोडण्याचे काम कोलीनएस्टरेज हे विकर करते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके या विकराला चिकटून त्याला निकामी करतात. दाराची घंटा दाबून सोडली पण बटण आतच अडकले, तर जे होईल ते येथे होते. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, आकसलेल्या बाहुल्या, थरथरणारे स्नायू, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकणे. किडीत हेच घडते म्हणून ती मरते. या बाबतीत कीड आणि माणूस यांच्यात निसर्गाने फारसा फरक केलेला नाही. यावर ॲट्रोपिन हा उतारा आहे, आणि तो वेळेवर मिळाला तर माणूस वाचतो.

शिक्षकांना मोनोक्रोटोफॉस हे नाव दुसऱ्या एका प्रसंगामुळे आठवत असेल. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मृत्युमुखी पडली. त्या अन्नात हेच कीटकनाशक आढळले होते.

रक्तातील कोलीनएस्टरेज मोजता येते. ते किती खाली गेले यावरून विषबाधा झाली का आणि किती, हे सांगता येते. मात्र रक्त लवकर घ्यावे लागते. दिवस उलटतात तसा तो पुरावा शरीरातून पुसला जातो. आणि ही तपासणी एकाच प्रकारच्या विषाला उपयोगी आहे. यवतमाळच्या प्रकरणात ज्याचे नाव पुढे वारंवार आले, ते डायफेन्थियुरॉन वेगळ्या जातीचे आहे. सूर्यप्रकाशात आणि किडीच्या शरीरात त्याचे रूपांतर दुसऱ्या एका द्रव्यात होते, आणि ते द्रव्य पेशीतील मायटोकाँड्रियावर घाव घालते. पेशीचे इंधन असलेले एटीपी तयार होणे त्यामुळे थांबते. येथे कोलीनएस्टरेजची तपासणी काही सांगत नाही, आणि खास उतारादेखील नाही. डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात.

म्हणजे रुग्णाने नेमके काय फवारले, हे कळण्याचा भरवशाचा मार्ग एकच: शेताच्या धुऱ्यावर पडलेला डबा, त्यावरचे लेबल आणि त्यावर छापलेला बॅच क्रमांक. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढच्या साऱ्या घडामोडी त्या डब्याभोवती फिरतात.

साठ दिवसांची बंदी

विषबाधेच्या बातम्या देशभर पोचल्यावर राज्य सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी दोन लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले, आणि पाच कीटकनाशकांची विक्री यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांत साठ दिवसांसाठी थांबवली. त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन, ॲसिफेट ही तीन सुटी औषधे आणि प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड अशी दोन तयार मिश्रणे होती.

साठच दिवस का, असे कोणीही विचारील. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे एखादे कीटकनाशक देशात विकू द्यावे की नाही, हे केंद्रीय पातळीवर ठरते. राज्याला चौकशी चालू असेपर्यंत तात्पुरती मनाई करता येते. तिची मुदत साठ दिवस, फार तर आणखी तीस. कायमची बंदी घालण्याचा अधिकार राज्याकडे नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञ कितीही कळकळीने बोलले, यवतमाळच्या डॉक्टरांनी कितीही कागद रंगवले, तरी साठ दिवसांनंतर दुकानाची फळी पुन्हा भरते. त्यातच साठ दिवस संपेपर्यंत फवारणीचा हंगामही संपतो.

आजारी पडलेला मजूर आपल्या बाजूने कोणाकडे दाद मागणार? कंपनी म्हणते लेबलावर सर्व लिहिले होते. दुकानदार म्हणतो मी परवान्याचा माल विकला. शेतमालक स्वतःच कर्जात. कायद्यात दंडाची तरतूद आहे, पण विषबाधा झालेल्या माणसाला भरपाई मिळवून देणारे कलम नाही. घराजवळचा प्रत्येक दरवाजा ठोठावून झाला की माणूस घरी बसतो. बहुतेक गोष्टी इथेच संपतात.

बूमरँग

१९९८ मध्ये मार्गारेट केक आणि कॅथरिन सिकिंक या दोन अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांनी सीमापार काम करणाऱ्या चळवळींवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी एक उपमा वापरली, ती बूमरँगची. आपल्याच देशात दाद लागत नाही, तेव्हा माणसे आपली तक्रार देशाबाहेर फेकतात. बाहेरच्या संस्था ती झेलतात, आपल्या सरकारला, न्यायालयाला, वृत्तपत्रांना सांगतात, आणि तेथून दबाव वळून मूळ जागी येतो. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीपासून अनेक उदाहरणांत त्यांना हा आकार दिसला.

उपमा चांगली आहे. परंतु बूमरँग फेकणाऱ्याच्या हातात परत येतेच असे नाही, आणि आपल्या उदाहरणात ते थोडे भलतीकडेच जाऊन पडले. ते पुढे पाहू.

कीटकनाशकांच्या बाबतीत असे जाळे नवीन नव्हते. श्रीमंत देशांत बंदी घातलेली कीटकनाशके गरीब देशांत विकली जातात आणि फळे-भाज्यांतून पुन्हा श्रीमंतांच्या ताटात येतात, हे 'विषाचे वर्तुळ' १९८१ मध्ये दोन अमेरिकन पत्रकारांनी मांडले. पुढच्याच वर्षी मलेशियातील पेनांग येथे अनेक देशांतील कार्यकर्त्यांनी पेस्टिसाइड ॲक्शन नेटवर्क स्थापन केले. १९९८ मध्ये रॉटरडॅम येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. घातक रसायन पाठवण्यापूर्वी घेणाऱ्या देशाची पूर्वसंमती घ्यावी, असे त्याचे सार. २००४ पासून तो अमलात आहे आणि भारतही त्यात आहे. मात्र यादीत नवे नाव घालायचे तर साऱ्या देशांचे एकमत लागते, आणि एकट्या-दुकट्या देशाच्या विरोधाने नावे वर्षानुवर्षे लटकत राहिली आहेत. केरळच्या कासरगोडमधील काजूच्या बागांवर एंडोसल्फान विमानाने फवारले जाई. त्याविरुद्धचा लढा गावातून सुरू होऊन २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापर्यंत आणि त्याच वर्षी स्टॉकहोम कराराच्या यादीपर्यंत पोचला. तेव्हा भारतातील उत्पादक म्हणत, ही मोहीम युरोपच्या कंपन्यांना आपली महाग पर्यायी औषधे विकता यावीत म्हणून चालली आहे. असा आक्षेप आला तर तो हसण्यावारी नेऊ नये. बाहेरून येणाऱ्या मदतीमागे हितसंबंध असू शकतात. पण त्याची परीक्षा कासरगोडच्या मुलांच्या प्रकृतीवरून करावी लागते, मोहीम कोणत्या देशात सुरू झाली यावरून नव्हे.

वऱ्हाडालाही परदेशी धागा नवा नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला; युद्ध संपले तसा तो उतरला. अमरावती आणि खामगावच्या बाजारात त्या भावाची बातमी पोचत असे. उलट दिशेने, म्हणजे कापूस पिकवणाऱ्याचे काय झाले याची बातमी मात्र लिव्हरपूलला जात नसे.

कोणाकडे काय होते

२०१७ नंतर जे जाळे विणले गेले, त्यात प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे नसलेली एक वस्तू होती. हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण अशा भागीदारीचा अर्थ पैसे पाठवणे असाच आपण सहसा लावतो.

विषबाधा झालेल्या शेतकरी-मजुरांकडे आणि मृतांच्या घरच्यांकडे प्रत्यक्ष अनुभव होता, आणि काहींकडे जपून ठेवलेले डबे होते. त्यांची 'महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉइझन्ड पर्सन्स' ही संघटना उभी राहिली. पोलिसांकडे आणि रुग्णालयाकडे नोंदी होत्या: कोण, कधी, काय फवारून आला. पेस्टिसाइड ॲक्शन नेटवर्कच्या भारतीय शाखेकडे रसायनांची माहिती होती. तिचे लोक ऑक्टोबर २०१७ मध्येच यवतमाळात येऊन पाहणी करून गेले होते. बर्लिनच्या 'युरोपियन सेंटर फॉर कॉन्स्टिट्यूशनल अँड ह्यूमन राइट्स' या २००७ पासूनच्या संस्थेकडे युरोपचा कायदा जाणणारे वकील होते. आणि स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेकडे एक गोष्ट होती जी यवतमाळात बसून कोणालाही मिळाली नसती. ही संस्था १९६८ पासून स्विस कंपन्यांच्या परदेशातील व्यवहारांवर लक्ष ठेवून आहे. देशात बंदी असलेल्या कीटकनाशकाची निर्यात करताना स्विस कंपनीला सरकारकडे नोंद करावी लागते. माहितीच्या अधिकाराचा वापर करून पब्लिक आयने त्या नोंदी मिळवल्या.

त्या नोंदींत डायफेन्थियुरॉन होते. स्वित्झर्लंडमध्ये आणि युरोपीय संघात त्याच्या वापराला परवानगी नाही. परंतु बाझेल येथे मुख्यालय असलेली सिंजेंटा ही कंपनी ते 'पोलो' या नावाने भारतात विकत होती, आणि स्वित्झर्लंडमधून त्याची निर्यात होत होती. दुसऱ्या बाजूला यवतमाळच्या पोलिसी कागदांत पोलोशी संबंध जोडलेल्या विषबाधेच्या ९६ नोंदी होत्या आणि त्यांतील दोघे मृत्यू पावले होते. हे दोन कागद, एक यवतमाळचा आणि एक बर्नचा, २०२० मध्ये शेजारी ठेवले गेले.

सप्टेंबर २०२० मध्ये दोन गोष्टी झाल्या. ५१ शेतकऱ्यांच्या व कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार दाखल झाली. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी १९७६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे केली आणि २०११ मध्ये त्यांत मानवी हक्कांचा भाग घातला. ती पाळली न गेल्याची तक्रार या केंद्रात करता येते. केंद्र न्यायालय नव्हे. ते दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवते, शिक्षा करू शकत नाही. दुसरी गोष्ट न्यायालयाची. मृत शेतकऱ्यांच्या दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी बाझेलमध्ये नुकसानभरपाईच्या दाव्याची प्रक्रिया सुरू केली. ती त्याच महिन्यात सुरू करण्याचे कारण साधे आहे. सदोष उत्पादनाच्या भरपाईसाठी स्विस कायद्यात तीन वर्षांची मुदत आहे, आणि २०१७ च्या हंगामाला तीन वर्षे होत आली होती.

कंपनीने आरोप नाकारले. त्या विषबाधेला आपले उत्पादन कारणीभूत होते याचा पुरावा नाही, असे तिचे म्हणणे. यावर रागावण्यापेक्षा त्यातला वैज्ञानिक प्रश्न पाहावा. एका माणसाने एकाच पंपात तीन औषधे मिसळली असतील, तर आजार कोणामुळे झाला हे कसे सिद्ध करायचे? प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. शेतात तसे नसते. म्हणूनच ज्यांनी त्या दिवशी फक्त एकच औषध फवारले होते, ज्यांचा डबा जपलेला होता आणि ज्यांची रुग्णालयातील नोंद त्याच दिवसाची होती, अशा व्यक्तींची साक्ष सर्वांत मोलाची ठरते. आठशेंतून तिघेच न्यायालयात का उभे राहू शकले, याचे उत्तर यात आहे.

बदल कुठे झाला

ऑक्टोबर २०२० मध्ये स्विस सरकारने निर्णय घेतला: १ जानेवारी २०२१ पासून ॲट्राझिन, डायफेन्थियुरॉन, मेथिडाथिऑन, पॅराक्वाट आणि प्रोफेनोफॉस या पाच कीटकनाशकांची निर्यात करता येणार नाही. देशात बंदी असलेल्या इतर कीटकनाशकांसाठी घेणाऱ्या देशाची स्पष्ट पूर्वसंमती लागेल. यादी पुन्हा वाचावी. महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाच जिल्ह्यांत साठ दिवसांसाठी जी नावे थांबवली होती, त्यांतील दोन येथे आहेत, एक सुटे आणि एक मिश्रणातले. साठ दिवसांची मुदत मात्र येथे नाही.

हे वऱ्हाडातील प्रकरणामुळेच घडले असे म्हणता येणार नाही. निर्यातबंदीची मागणी स्विस संसदेत आधीपासून होत होती, पॅराक्वाट आणि ॲट्राझिनबद्दल इतर देशांतूनही तक्रारी होत्या, आणि फ्रान्सने २०१८ मध्येच असा कायदा केला होता. यवतमाळच्या नोंदींनी त्या मागणीला माणसांचे चेहरे दिले, इतके खात्रीने म्हणता येते. एखाद्या कारणाचा वाटा किती, हे इतिहासात मोजणे रसायनशास्त्रापेक्षा अवघडच असते.

आता वऱ्हाडात काय बदलले ते पाहू. स्वित्झर्लंडमधून डायफेन्थियुरॉन येणे बंद झाले, पण ते भारतातील अनेक कंपन्या विकतात, आणि भारत स्वतः कीटकनाशके निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात मोनोक्रोटोफॉस होते, डायफेन्थियुरॉन नव्हते. २०२३ च्या अंतिम आदेशात २७ पैकी मोजकीच उरली. मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे प्रचलित द्रावण त्यांत आहे. संपर्क केंद्रापुढचे बोलणे २०२२ मध्ये समझोत्याविना संपले. म्हणजे ज्या घरांनी कागद दिले, डबे दिले, पुनःपुन्हा तीच कहाणी सांगितली, त्या ५१ घरांना त्या वाटेने काही मिळाले नाही. कायदा बदलला तो दुसऱ्या देशाचा.

अशा जाळ्याचा हा दोष म्हणावा का? मला वाटते, तो जाळ्याचा स्वभाव आहे. झुरिकची संस्था आपल्या सरकारला जाब विचारू शकते, कारण ती तिथली नागरिक आहे. यवतमाळच्या दुकानात काय विकले जावे हे ती ठरवू शकत नाही, आणि तिने ठरवूही नये. तो जाब विचारणारे लोक इथेच लागतात. शेतमजुराला हवी होती भरपाई आणि पुढच्या हंगामात कमी धोक्याचे काम; स्विस कार्यकर्त्याला हवा होता आपल्या देशाचा निर्यात-कायदा. दोन्ही मागण्या योग्य, पण त्या एक नव्हेत. भागीदारी सुरू होताना हे मोकळेपणाने बोलले गेले नाही तर पुढे गावात कडवटपणा उरतो. दुसरा एक प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात, आणि त्याला उत्तर देणे भाग आहे: हे औषध बंद केले तर तुडतुड्यांना काय मारू? बंदीची मागणी करणाऱ्यांनी कामगंध सापळे, निंबोळी अर्क, मित्रकीटक, लवकर येणारे वाण, हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटून शेत रिकामे ठेवणे, यांविषयी तितक्याच तपशिलाने बोलायला हवे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्याकडे हे ज्ञान आहे. ते बर्लिनहून येणार नाही.

आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर एक उपक्रम करता येईल. वापरलेला डबा शाळेत आणू नये, कोणालाही आणायला सांगू नये. कृषी केंद्रातून औषधाच्या खोक्यात येणारे कोरे माहितीपत्रक मागून घ्यावे. दुकानदार सहसा देतो. प्रथम डब्याच्या लेबलावर येणाऱ्या चौकोनाची ओळख करून द्यावी. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल, पिवळा, निळा, हिरवा या उतरत्या क्रमाने विषारीपणा दाखवतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. मग पत्रकातून चार गोष्टी शोधायला सांगाव्यात: रसायनाचे नाव (व्यापारी नाव नव्हे), विषबाधेची लक्षणे, उतारा, आणि फवारल्यानंतर किती दिवस शेतात जाऊ नये किंवा पीक काढू नये. उतारा या मथळ्याखाली 'विशिष्ट उतारा नाही' असे छापलेले आढळले तर तिथे थोडे थांबावे. घरी फवारणी होते त्या दिवसाची तारीख, औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि पंपात आणखी काय मिसळले, हे मोठ्यांना विचारून वहीत लिहून ठेवायलाही मुलांना सांगावे. बाझेलला गेलेल्या तिघांपाशी याच प्रकारची माहिती होती.

पत्रक बहुधा अनेक भाषांत छापलेले आणि बऱ्याच घड्या घातलेले असते. त्यातला मराठी मजकूर शोधून काढायला वेळ लागतो, आणि सापडल्यावर तो वाचायला प्रयोगशाळेतील भिंग लागते. ते आधीच काढून ठेवावे.